लाइट फॉलऑफला प्रकाशऱ्हास नको, उतार म्हणा

विचारणा अशी आहे: लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यावर (म्हणजे चार बाय पाच इंच किंवा त्याहून मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर) वाइड अँगल लेन्स लावली की फोटोचे कोपरे अंधारे येतात, त्याला लाइट फॉलऑफ म्हणतात, तर मराठीत लिहिताना 'प्रकाशऱ्हास' चालेल का, आणि व्हिन्येटिंग म्हणजे तेच ना?

माझं मत, ऱ्हास नको, सरळ 'उतार' म्हणा. आणि व्हिन्येटिंग म्हणजे पूर्णपणे तेच नाही, त्यातल्या एका प्रकाराला मी 'झाकोळ' म्हणेन. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

ऱ्हास म्हटलं की साम्राज्यं आठवतात, जंगलं आठवतात, नीतिमत्ता तर आठवतेच. जे होतं ते गेलं, आणि बहुतेक कुणाच्या तरी नाकर्तेपणामुळे गेलं, असा सूर त्या शब्दाला चिकटलेला आहे. इथे तसं काहीच नाही, लेन्स नवीकोरी असली, लख्ख पुसलेली असली तरी कोपऱ्यात प्रकाश कमीच पोचणार. 'घसरण' पण नको, ती शेअर बाजाराची आणि रुपयाची, तिच्यात एक धाडकनपणा आहे. 'घट' चालून जाईल पण तो किती कमी झालं एवढंच सांगतो, कुठून कुठे कमी होत गेलं ते सांगत नाही.

'कडा काळवंडणे' हे बोलताना सगळेच म्हणतात आणि बोलताना काही बिघडत नाही. पण तो परिणामाचा शब्द झाला, आणि तोही प्रिंटवरच्या किंवा स्लाइडवरच्या. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून बघा, तिथे कोपरे काळे नसतातच, उलट पातळ, जवळजवळ पारदर्शक असतात, कारण तिथे प्रकाश कमी पडला म्हणून चांदी कमी जमली. म्हणजे डार्करूममधला माणूस हातात निगेटिव्ह धरून 'कडा काळवंडल्यात' म्हणाला तर ऐकणारा गोंधळणार. व्हिन्येट या शब्दाचीही तीच गत आहे, मूळ फ्रेंच शब्द द्राक्षवेलीवरून आलेला, आधी पुस्तकाच्या पानावरची वेलबुट्टी, मग चौकट नसलेलं आणि कडेला कागदात विरून जाणारं छोटं चित्र, आणि मग त्याच धर्तीवर मुद्दाम कडा विरवलेले जुने पोर्ट्रेट फोटो, ज्यांच्या कडा बरेचदा पांढऱ्यात विरायच्या, काळ्यात नाही. म्हणून चित्र कसं दिसतं ते सोडा, प्रकाशाचं काय होतं ते सांगणारा शब्द हवा.

तापाला उतार पडतो, वय उताराला लागतं, पाणी उताराकडे धावतं. या सगळ्यात हळूहळू आणि सलग होणं आहे, मध्ये कुठे पायरी नाही. फॉलऑफ अगदी असाच, फिल्मच्या मध्यापासून सुरू होतो आणि कोपऱ्याकडे जाताना तीव्र होत जातो. शिवाय उतार मोजता येतो, आणि इथे आपल्या भाषेची चैन बघा, स्टॉपचे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) भाग सांगायला पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच सगळं तयार आहे. 'दीड स्टॉपचा उतार' कसं बिनचूक वाटतं.

आता हा उतार येतो कुठून. फिल्म सपाट असते, त्यामुळे लेन्सपासून कोपरा मध्यापेक्षा लांब पडतो, आणि अंतर वाढलं की प्रकाश अंतराच्या वर्गाच्या हिशोबात कमी होतो. त्यात कोपऱ्यातून बघितलं तर अ‍ॅपर्चरचं भोक गोल दिसत नाही, तिरक्या धरलेल्या वाटीच्या तोंडासारखं लंबगोल दिसतं, म्हणजे आत येणारा प्रकाशच कमी. वर तो फिल्मवर तिरका पडतो, म्हणून जास्त जागेवर पसरतो. अंतराचे दोन कोसाइन, भोकाचा एक, तिरकेपणाचा एक, असे चार मिळून कोसाइनचा चौथा घात. अक्षापासून ४५ अंशांवर हिशोब केला तर मध्याच्या पाव भागच प्रकाश उरतो, म्हणजे बरोबर दोन स्टॉप.

चार बाय पाच इंची फिल्मवर, फोकस अनंतावर ठेवून, कोपऱ्यातले आकडे साधारण असे: १५० मिमीच्या नॉर्मल लेन्सला पाऊण स्टॉपच्या आत, ९० मिमीला दीडच्या किंचित वर, ६५ ला अडीच, आणि ४७ मिमीला तर पावणेचारच्या आसपास. १५० वाल्याला म्हणूनच याचा पत्ताही लागत नाही आणि ६५ घेतल्यावर तोच माणूस लेन्स खराब निघाली म्हणून तक्रार करतो.

हे निव्वळ भूमितीचे आकडे झाले, लेन्स बनवणाऱ्यांनी त्यावर तोड काढलेली आहे. मिखाइल रुसिनोव्ह या सोव्हिएत डिझायनरने १९४० च्या दशकात दोन्ही बाजूंना मोठे, बाहेर फुगलेले काचेचे भाग असलेली रचना आणली, तिच्यात कडेने बघताना भोक जितकं चपटं दिसायला हवं तितकं दिसत नाही, त्यामुळे चौथ्या घाताचा साधारण तिसरा घात होतो आणि ६५ मिमीचा अडीच स्टॉपचा उतार दोनच्या खाली येतो. सुपर अँग्युलॉन, ग्रँडागॉन, निक्कॉर एसडब्ल्यू या सगळ्या लेन्सचे पुढचे-मागचे भाग एवढे धिप्पाड असतात ते उगाच नाही. पण उतार पूर्ण जात नाही, कमी होतो.

झाकोळ वेगळा. आभाळ झाकोळतं तेव्हा सूर्य कमी झालेला नसतो, मध्ये काहीतरी आलेलं असतं. लेन्समध्ये तेच, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना तिरक्या किरणांच्या वाटेत लेन्सच्या नळीची कड येते आणि भोकाचा काही भाग झाकला जातो. हे मेकॅनिकल व्हिन्येटिंग. हुड लांब झाला, फिल्टरवर फिल्टर चढवले, लांब बेलोज (लेन्स आणि फिल्म यांच्या मधला घड्यांचा भाता) मध्येच लोंबला, तरी झाकोळच. हा फरक नुसता शब्दांचा नाही, उपायही वेगळे आहेत: नळीमुळे आलेला झाकोळ अ‍ॅपर्चर बारीक केलं की जातो, उतार एफ/२२ इतकं बारीक केलं तरी जसाच्या तसा. 'स्टॉप डाउन केलं तरी कोपरे उजळत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्याने दोघांना एकाच नावाने हाक मारलेली असते.

कोणता त्रास आहे ते तपासायला दुधी काचेचे (ग्राउंड ग्लास, कॅमेऱ्याच्या मागची, जिच्यावर चित्र बघून फोकस करतात ती) छाटलेले कोपरे कामाला येतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत ग्राउंड ग्लासचे चारही कोपरे तिरके कापलेले असतात, त्या फटीला डोळा लावून लेन्सकडे बघायचं. भोक पूर्ण दिसलं, भले लंबगोल असेल, तर झाकोळ नाही. दोन्ही टोकांना निमुळतं, मांजराच्या डोळ्यासारखं दिसलं तर नळी आड येतेय, मग अ‍ॅपर्चर हळूहळू बारीक करत जायचं, टोकं नाहीशी होऊन नीट लंबगोल झालं की तिथे झाकोळ संपला. आणि काहीच दिसलं नाही तर हा तिसराच प्रकार, कोपरा लेन्सच्या प्रतिमावर्तुळाच्या, म्हणजे लेन्स जेवढ्या गोलात चित्र पाडते त्याच्या, बाहेर गेलाय. त्याला 'कव्हरेज संपलं' असंच म्हणा, तिथे उताराचा काही संबंध नाही. अजून एक, ग्राउंड ग्लासवर कोपरे जितके काळे दिसतात तितके फिल्मवर नसतात. काचेतून तिरका आलेला प्रकाश तसाच तिरका पुढे निघून जातो, समोर बसलेल्या डोळ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तो अंधार बघून एक्स्पोजर ठरवू नका.

ता. क. सारखा आलेला पोटप्रश्न, हा उतार भरून काढायला लेन्सवर लावतात त्या सेंटर फिल्टरला काय म्हणायचं. 'मध्य फिल्टर' शब्दशः झाला पण त्यातून काही कळत नाही. मी 'मध्यगडद फिल्टर' सुचवेन, कारण तो तसाच असतो, मध्ये गडद आणि कडेकडे फिका होत जाणारा, शेवटी स्वच्छ काच. कडा उजळवत नाही, मध्याला कडांच्या पातळीवर आणतो. त्यामुळे एक्स्पोजर वाढवावं लागतं, दीड स्टॉपच्या फिल्टरला दीड स्टॉप. अ‍ॅपर्चर उघडं ठेवून तो वापरण्यात अर्थ नाही, रुंद भोकातून फिल्टरचे गडद-फिके भाग एकमेकांत मिसळतात, म्हणून दोनेक स्टॉप तरी बारीक करून मगच. याचा पणजोबा फार मजेशीर होता: गोर्झ कंपनीची १९०० ची हायपरगॉन लेन्स, १३० अंशांहून जास्त रुंद, म्हणजे कोपऱ्यात बत्तिसाव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश, तर तिच्यासमोर चांदणीच्या आकाराची चक्री बसवलेली असायची, रबरी फुगा दाबून हवेने ती गरगर फिरवायची, पाकळ्या मध्याशी रुंद म्हणून मध्याचा प्रकाश जास्त अडायचा, आणि एक्स्पोजरच्या उरलेल्या भागात ती बाजूला करायची.

मध्यगडद फिल्टर प्रत्येकाला लागतोच असं नाही. निगेटिव्ह फिल्मवर दीड स्टॉप प्रिंट करताना निभावून नेता येतो, कोपरे डॉज करायचे (तिथे प्रकाश थोडा वेळ अडवून ते उजळ ठेवायचे) झालं. स्लाइड फिल्मला एवढी सवलत नसते, तिथे फिल्टर जवळजवळ लागतोच. लांब एक्स्पोजरला तर उतार अजून तीव्र होतो, कारण रेसिप्रॉसिटीचा (लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता कमी होण्याचा) फटका कमी प्रकाशाच्या कोपऱ्यांना जास्त बसतो. आणि स्कॅन करून सॉफ्टवेअरमध्ये उतार सपाट करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, उंच इमारतीसाठी लेन्स वर सरकवली असेल तर उताराचा मध्य फोटोच्या मध्यावर राहत नाही, तोही सरकतो, वरचे कोपरे खालच्यापेक्षा जास्त अंधारे येतात आणि सॉफ्टवेअरची नेहमीची गोल दुरुस्ती चुकीच्या जागी बसते. फिल्टर लेन्सवरच असल्यामुळे त्याला ही अडचण नाही.

लेखात 'मध्यगडद' वापरलंत तर पहिल्या वेळी शेजारी 'सेंटर फिल्टर' असंही लिहा, विकत घ्यायला जाणाऱ्याला तोच शब्द लागणार आहे.