सेकंडहँड लॅपटॉपच्या बायोसमध्ये केलेले बदल टिकत नाहीत, बायोस अपडेट करू का?

नाही. आत्ता तरी अपडेटला हातसुद्धा लावू नका. (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा, लॅपटॉपच्या चिपमध्येच बसवलेला छोटा प्रोग्राम.)

तुम्ही लिहिलंय की बूट ऑर्डर, म्हणजे लॅपटॉप कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हावा तो क्रम, बदलून सेव्ह करायला एफ१० दाबता, दोन दिवसांनी ती पुन्हा पहिल्यासारखी होते, आणि सिक्युअर बूटची (सही तपासलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणाऱ्या सेटिंगची) ओळ करडी दिसते, तिथे जाताच येत नाही. तारखेबद्दल मात्र एक अक्षर लिहिलेलं नाही. बायोसच्या पहिल्या पानावर तारीख काय दिसते, ते आधी बघा.

माझ्या सेकंडहँड लॅपटॉपच्या वेळी ती बघायचं कुणालाच सुचलं नाही आणि त्यापायी एका नव्या एसएसडी डिस्कचे पैसे गेले, वर माझ्या मोठ्या भावाशी महिनाभर अबोला. घेतल्यावर चार महिने तो छान चालला. मग एका सकाळी निळी स्क्रीन, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. दादाचं सगळं आयुष्य कॉम्प्युटरमध्ये गेलंय. त्याने बघताक्षणी निकाल दिला, डिस्क गेली. नवी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी आणली, तर विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसेना. म्हणून त्याने बायोसमध्ये जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ती सेटिंग, ‘रेड’ पद्धतीवरून ‘एएचसीआय’वर नेला. लगेच दिसली. विंडोज बसलं. अकराव्या दिवशी मी प्रवासातून परत आले, चार्जर लावला, तर पुन्हा तीच निळी स्क्रीन. आता दादाचं म्हणणं, "बायोस करप्ट झालाय, फ्लॅश करून टाकू," म्हणजे चिपवर बायोस पुन्हा नव्याने लिहू.

मी अडून बसले. फ्लॅश करायच्या आधी मला एकदा बायोस नीट वाचू दे म्हटलं. तारीख होती १ जानेवारी, आणि साल तो लॅपटॉप बनला त्याच्याही आधीचं! साटा मोड परत रेडवर. दादाने माझ्यासमोर बदललेला मोड आपोआप उलटा फिरला होता. मागचं झाकण उघडलं तर कोपऱ्यात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नाण्याएवढा सेल, त्याला लाल-काळी वायर आणि दोन पिनांचं इवलंसं कनेक्टर. मल्टिमीटर लावला. ३ व्होल्ट हवेत तिथे १.१.

होतं ते असं. घड्याळ त्या सीआर२०३२ सेलवर चालतं. मोठ्या बॅटरीत जीव असेपर्यंत बऱ्याच लॅपटॉपांत तीच घड्याळालाही पोसते, म्हणून सेल मेलेला कळतच नाही. जुन्या लॅपटॉपची मोठी बॅटरीही थकलेलीच असते. चार्जर काढून दोन दिवस ठेवला की दोन्ही संपतात, घड्याळ थांबतं, आणि बायोस बिचकून सगळ्या सेटिंग कंपनीच्या मूळ सेटिंगवर नेतो. विंडोज एएचसीआयवर बसवलेलं, मोड रेड, मग डिस्क सापडणार कशी? मी सेल बदलला, मोड एएचसीआय केला, आणि तेच विंडोज पाचव्या मिनिटाला उघडलं. काही फ्लॅश करावं लागलं नाही.

तेव्हा तारीख मागे पडत असेल तर सेल बदला. ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करत असेल तर तीही याचीच खूण. तारीख बरोबर असूनही बदल टिकत नसतील तर सेलला दोष देऊ नका, कारण नव्या लॅपटॉपांत सेटिंग वीज नसतानाही टिकणाऱ्या फ्लॅश चिपमध्येच राहतात. मग बायोस अपडेटचा विचार करायला हरकत नाही.

करड्या ओळीचं वेगळं. बायोसच्या सिक्युरिटीच्या पानावर सुपरवायझर पासवर्ड (बायोसच्या सेटिंगना लावलेलं कुलूप) ‘सेट’ दिसतो की ‘क्लिअर’ ते बघा. ‘क्लिअर’ असेल तर काळजी नको. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांवर तुम्ही स्वतः तो पासवर्ड ठेवल्याशिवाय सिक्युअर बूट बदलूच देत नाहीत. पण ‘सेट’ असेल आणि तो तुम्हाला माहीत नसेल, तर लॅपटॉप विकणाऱ्याला परत करा. सेल काढला की पासवर्ड जातो, असं तो छातीठोकपणे सांगेल. थिंकपॅडसारख्या ऑफिसच्या लॅपटॉपांत पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून ढिम्म हलत नाही, आणि कंपनी मदरबोर्ड बदला म्हणते. पासवर्ड न काढता विकलेला लॅपटॉप हा अर्धवट माल आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि फ्लॅशिंगबद्दल. मोठी बॅटरी थकलेली असताना बायोस लिहिता लिहिता वीज गेली, तर चालू लॅपटॉपचा दगड होतो. बॅटरी पुरेशी चार्ज नसेल तर कंपन्यांचे बरेचसे अपडेट सुरूच होत नाहीत, ते उगाच नाही. दादा ती अट टाळून करणार होता.

राहिलं म्हणून सांगते, झाकण उघडलंत तर आधी मोठ्या बॅटरीचं कनेक्टर काढा. काही मॉडेलांत वेगळा सेल नसतोच, तिथे मोठी बॅटरीच बदलावी लागते. सिक्युअर बूट, टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) किंवा बायोस यांना हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. खरं तर हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

दादा अजूनही म्हणतो की पहिली डिस्क खराबच होती. ती मी यूएसबी केसमध्ये घालून रोज वापरते. आईचे सगळे फोटो तिच्यावरच आहेत, एकही फाइल बिघडलेली नाही.