पहिला खर्च हेल्मेटवर करा
नवी मोटारसायकल घेतली आहे, तर साहित्यातला पहिला खर्च पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटवर करा आणि त्यावर आयएस ४१५१ या मानकासह आयएसआय चिन्ह आहे का, हे तपासूनच पैसे द्या. पट्टा आवळून डोके डावीकडे-उजवीकडे हलवा. गालांची कातडी अस्तराबरोबर सरकली पाहिजे, आणि हेल्मेट एकटेच फिरत असेल तर ते कितीही देखणे असले तरी एक माप लहान घ्या. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतला थर्माकोलचा थर दबलेला असू शकतो, म्हणून ते बदलाच. जाकीट दुकानात उभ्याने नव्हे, हँडल धरून बसल्यावर पारखा; कोपराचे पॅड तेव्हाच जागा सोडतात. काळा रंग मलाही आवडतो, परंतु ताम्हिणी घाटातल्या पावसाळी धुक्यात तो हरवतो, म्हणून पाठीवर परावर्तक पट्टी हवीच.