गोधडीचं कापड दुकानातून घ्यायचं की ऑनलाइन? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बाळाच्या दुपट्याचा पॅटर्न दिला होता, त्यावर भरपूर प्रश्न आले, पण शिवणाबद्दल फार कमी आणि कापड कुठून आणू याबद्दलच जास्त. त्यामुळे या वेळचा अख्खा कॉलम कापडालाच.

प्रश्न (पुणे): मी नुकतंच पॅचवर्क शिकलेय. ऑनलाइन पाच इंची चौकोनांची आणि फॅट क्वार्टरची (म्हणजे जवळपास चौकोनी मोठ्या तुकड्यांची) तयार बंडलं मिळतात, रंग जुळवून दिलेले असतात, घरपोच येतात. सासूबाई म्हणतात रविवार पेठेत जा, बरंच स्वस्त पडेल. पण तिथे दुकानदार विचारतो किती मीटर, कशासाठी, आणि मी गडबडते. थोडंसं कापड मागायला संकोच वाटतो. काय करू?

उत्तर: सासूबाईंचं ऐका, आणि जमलं तर त्यांनाच सोबत न्या. स्वस्त पडतं हे तर आहेच, पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. गोधडीत वरचं कापड, मधला थर आणि खालचं अस्तर असे तीन थर एकत्र धुतले जाणार असतात, तेही वर्षानुवर्षं, त्यामुळे कापडाचा पोत कसा आहे, विण घट्ट आहे की विरळ, खळ किती मारलीय हे हाताला कळायला हवं आणि ते फोटोत कळत नाही. दुकानात तागा उलगडला की कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून चोळा, पांढरी पूड झडली किंवा कापड एकदम मऊ पडलं तर समजा की खळीचा भर आहे, धुतल्यावर ते कापड मच्छरदाणीसारखं होणार. मग उजेडासमोर धरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटवर भरवसा नको, सरळ विचारा, दारात जाऊन बघू का? कोणीही नाही म्हणत नाही.

आता संकोचाचं. दुकानदार ड्रेसच्या हिशोबात विचार करतो, अडीच मीटर, तीन मीटर, म्हणून तो तसं विचारतो. त्याला आधीच सांगून टाका की मला गोधडीसाठी सात-आठ प्रकारचं थोडं थोडं हवंय, आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका, सणाच्या तोंडावर तर अजिबातच नको. आणि पाव मीटर मागू नका, तीस सेंटिमीटर मागा. का सांगते. पाव मीटर म्हणजे 25 सेंटिमीटर, म्हणजे दहा इंचाला थोडंसं कमी, त्यात पाच इंची चौकोनांची एकच ओळ निघते आणि उरलेली पट्टी पाच इंचाला किंचित कमी पडते, फार चुटपूट लागते. तीस सेंटिमीटरमध्ये दोन ओळी आरामात बसतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंची असेल तर काठ सोडून 42 धरा, एका ओळीत आठ चौकोन, म्हणजे दोन ओळींचे सोळा. फॅट क्वार्टर हवा असेल तर अर्धा मीटर घ्या आणि घरी येऊन मधोमध उभा कापा, दोन झाले, साधारण 50 बाय 55 सेंटिमीटरचे. पन्हा मात्र प्रत्येक वेळी विचारायचाच, कारण 36 इंचीमध्ये हा सगळा हिशोब बदलतो.

प्लेन रंगांसाठी तर मी कोणालाही ऑनलाइन जा म्हणणार नाही, गल्लीतलं मॅचिंग सेंटर गाठा. आपल्याकडे प्रत्येक गावात असतं आणि पॅचवर्क करणाऱ्या बायकांचं त्याच्याकडे लक्षच जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. एका आमसुली रंगाच्या दहा छटा रॅकवर ओळीने लावलेल्या, ब्लाउजपुरतं ऐंशी सेंटिमीटर कापून द्यायची सवय असलेला माणूस, आपले बाकीचे तुकडे काउंटरवर ठेवले तर तो स्वतःच शेजारी लावून दाखवतो की ताई हा नको, हा घ्या. ब्लाउजचं टू बाय टू किंवा अस्तराचं पोपलीन मागा. फक्त प्युअर कॉटन आहे का ते बघा कारण हल्ली मिक्स बरंच येतं. काठाचे दोन-चार धागे ओढून घरी चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, कॉटनला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिएस्टर असेल तर ते वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी होतो.

तयार बंडलाला माझा विरोध नाही. रंग जुळवायची भीती वाटते तोपर्यंत पहिल्या एखाद्या गोधडीसाठी घ्या. पण त्यातला एखादा प्रिंट कमी पडला तर तोच पुन्हा मिळेल याची खात्री नसते, दुकानात तागा संपेपर्यंत तरी तो तिथेच असतो.

प्रश्न (सांगली): सिंगल बेडची गोधडी आहे, साठ बाय नव्वद इंच. पुढची बाजू तयार आहे. अस्तराला वेबसाइटवर ‘क्विल्ट बॅकिंग’ म्हणून जे मिळतं ते फार महाग वाटतं. इथून जवळ काही मिळेल का, आणि किती घेऊ?

उत्तर: अहो, इचलकरंजी तुमच्या शेजारी आणि तुम्ही अस्तराचं कापड कुरिअरने मागवताय! यंत्रमागाचं एवढं मोठं गाव आहे ते, पोपलीन, कॅम्ब्रिक, चादरीचं शीटिंग सगळं तिथे विणलं जातं. मागवालेच बहुतेक तागेच्या तागे देतात हे खरं, पण बाजारातल्या किरकोळ दुकानांत मीटरवर मिळतं आणि सांगलीच्या पेठेतही तोच माल असतो.

किती घ्यायचं ते बघू. अस्तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठं धरायचं, म्हणजे 64 बाय 94. 44 इंची पन्ह्यात दोन पाट जोडावे लागतील, प्रत्येकी 94 इंच, म्हणजे 188 इंच, त्यात आटण्याचे पाच टक्के धरले की पाच मीटर झाले, सव्वापाच घ्या म्हणजे कापताना वाकडंतिकडं झालं तरी निभावेल. पण दुकानात 108 इंची पन्ह्याचं शीटिंग मिळालं तर तेच घ्या, कापड आडवं वापरायचं, पावणेदोन मीटरमध्ये काम होतं आणि मधे शिवण येत नाही. हाताने धावदोरा घालणाऱ्यांना ती मधली जाड शिवण किती त्रास देते हे सुईवाल्या बायकांनाच माहीत. 90 इंची मात्र आडवं वापरू नका, चार इंच कमी पडतं.

कोरं मांजरपाट पण चालतं, दणकट असतं, पण ते खूप आटतं. आणलं की आधी पाण्यात रात्रभर भिजवून गरम पाण्याने धुवा, खळ निघून गेली की मगच मोजून कापा. किती आटतं हे बघायला दहा बाय दहा इंचाचा तुकडा कापून धुवा, वाळवा, इस्त्री करा, परत मोजा. साडेनऊ भरला तर पाच टक्के. ऐकायला कमी वाटतं पण नव्वद इंचांवर ते साडेचार इंच होतात, आणि वरचा भाग आटला नाही आणि अस्तर आटलं तर सगळी गोधडी फुगते.

प्रश्न (ठाणे): मला अजरख आणि बगरूचे प्रिंट फार आवडतात. मुंबईत मंगलदास मार्केटला जाऊन आले, पण खरं काय आणि खोटं काय तेच कळेना. ऑनलाइन थेट कारागिरांकडून घेतलेलं बरं नाही का?

उत्तर: इथे मात्र मी तुमच्या बाजूने आहे. कच्छमधल्या अजरखपूरचं किंवा राजस्थानातल्या बगरूचं ठशाचं काम हवं असेल आणि ते छापणारे लोक स्वतः विकत असतील तर त्यांच्याकडूनच घ्यावं, पैसे योग्य हातात जातात. ते लोक प्रदर्शनात येतात तेव्हा घेतलं तर उत्तमच, हात लावून बघता येतं. ऑनलाइनच घ्यायचं तर आधी विचारा: पन्हा किती, कापड कॅम्ब्रिक की मलमल, जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) किती, आणि प्रिंटवर फूटपट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवाल का. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा कारण स्क्रीनवर नाजूक दिसणारी बुट्टी प्रत्यक्षात तळहाताएवढी निघते आणि मग पाच इंची चौकोनात तिचा एक कान आणि अर्धी पाकळी येते. मलमल पॅचवर्कला नको, सरकतं फार.

मंगलदासमध्ये स्क्रीन प्रिंटला ठशाचं म्हणून विकतात कधी कधी, सगळेच नाही. कापड उलटं करून बघा, ठशाचा रंग साधारण मागेही उतरलेला असतो, आणि एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तिथे बारीकशी चूक, रंगाचं ओझरतं ओव्हरलॅप दिसतं. स्क्रीन प्रिंट वाईट असतो असं अजिबात नाही, गोधडीला छान चालतो, फक्त त्याला त्याचीच किंमत द्यायची. इंडिगो आणि गडद लाल कुठूनही घ्या, ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघायचा, रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवायचं आणि तोवर पांढऱ्याच्या शेजारी लावायचं नाही.

एक आपली विनंती. दुकानात जाऊन दहा तागे उलगडायला लावायचे, फोटो काढायचे आणि घरी येऊन तसंच ऑनलाइन शोधायचं, हे करू नका. त्या माणसाचा अर्धा तास आपण फुकट घेतो. निदान अर्धा मीटर तरी घ्यावा.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आमच्याकडची जोअ‍ॅन या कंपनीची कापडाची दुकानं बंद झाल्यापासून कापड कुठून घ्यावं हा प्रश्नच आहे. आई पुण्याहून येणार आहे, तिच्याकडून मागवू का?

उत्तर: तुमच्यासारखी पत्रं तिकडून बरीच येतायत. 1943 साली ओहायोत सुरू झालेली कंपनी, सुमारे आठशे दुकानं, आणि 2025 च्या मेअखेर सगळी बंद. ज्या गावात तेवढंच एक कापडाचं दुकान होतं तिथल्या बायकांचं काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. तुमच्या आसपास क्विल्टिंगची छोटी स्वतंत्र दुकानं शोधा, थोडी महाग असतात पण तिथे कापडासोबत सल्ला मिळतो, क्लास असतात, आणि कापड चांगलं असतं. तीसुद्धा गिऱ्हाईक नसलं तर टिकणार नाहीत.

आईंकडून जरूर मागवा पण एक लक्षात ठेवा, तिकडचं क्विल्टिंग कॉटन साधारण 140 ते 150 जीएसएमचं असतं, आपलं कॅम्ब्रिक त्याच्यापेक्षा बरंच हलकं. एकाच ब्लॉकमध्ये दोन्ही शेजारी शेजारी लावलं तर हलकं कापड ओढलं जातं. त्यामुळे एक तर पूर्ण गोधडी इकडच्या कापडाची करा किंवा इकडच्या पोपलीनचं अस्तर लावा. आईंना सांगा की धुऊन, इस्त्री करून आणा, आणि सुती साड्या आणता आल्या तर त्याच आणा. तुमच्या ओक ट्री रोडवर साड्या मिळतात पण आईच्या वापरलेल्या साडीचा मऊपणा नव्या कापडाला यायला खूप वर्षं लागतात. आणि ऑर्डर देताना बघा, तिकडे यार्ड म्हणजे 36 इंच, आपला मीटर 39 इंचांहून थोडा जास्त, पॅटर्नमध्ये यार्ड लिहिलेत तेवढेच मीटर सांगितलेत तर थोडं उरेलच, कमी पडणार नाही.

प्रश्न (नागपूर): इतवारीत कटपीस किलोवर मिळतात. घ्यावेत का?

उत्तर: घ्या, पण पोतं न उघडता घेऊ नका. वरती छान कॉटन आणि खाली सगळं जॉर्जेट असं होतं. घरी आणलं की आधी कॉटन वेगळं काढा, मग जाड-पातळ वेगळं करा, रंगांचं नंतर बघू. सहा इंचापेक्षा लहान तुकड्यातून कडा सरळ केल्यावर पाच इंची चौकोन निघेलच असं नाही, त्यांच्या उशा भरा.