इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली, आता बंद पडलेली एखादी छोटी रेल्वे आणि तिची स्टेशनं यांबद्दल कोणी सांगेल का?

माझं आजोळ बार्शीचं, त्यामुळे हा प्रश्न वाचल्यावर मला एकच नाव सुचलं: लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे. बार्शीचा आणि इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्याचा काय संबंध, असं वाटेल. पण आहे.

एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा इंजिनियर १८८२ साली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला लागला. जीआयपीची मोठी लाईन बार्शीला बाजूला टाकून गेलेली. कापसाची एवढी मोठी पेठ, आणि स्टेशन वीसेक मैलांवर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. मधली सगळी ने-आण बैलगाड्यांवर. काल्थ्रॉपने तिथे अडीच फुटी रुळांची, म्हणजे दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेली रेल्वे टाकायचं मनावर घेतलं. १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू केली. हीच आपली ‘बार्शी लाईट’. त्याचं गणित सोपं होतं. इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात आणि खर्च आवाक्यात राहतो.

इकडे इंग्लंडमध्ये १८९६ साली कायदा झाला आणि खेड्यापाड्यांतून स्वस्तातल्या हलक्या रेल्वे बांधायची वाट मोकळी झाली. मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातल्या लोकांनाही रेल्वे हवी होती. बांधायला माणूस कोण? बार्शीवाला! रूळ तेच अडीच फुटी. इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीची; बार्शीची पहिली इंजिनंही तिथलीच. इंजिनं मोजून दोन. एकाचं नाव ‘ई. आर. काल्थ्रॉप’, दुसऱ्याचं त्याचा जोडीदार इंजिनियर अर्ल याच्यावरून ‘जे. बी. अर्ल’. दोन्हींच्या कपाळावर भलामोठा दिवा. डबे फिक्या पिवळ्या रंगाचे, टोकांना उघडे व्हरांडे. सोलापूरच्या उन्हात शोभावी अशी गाडी बिचारी स्टॅफर्डशरच्या पावसात फिरायची.

२७ जून १९०४ ला लाईन सुरू झाली. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, सव्वाआठ मैल, म्हणजे साधारण तेरा किलोमीटर. गंमत म्हणजे लीक गावाहून वॉटरहाउसेसला येणारी मोठी रेल्वे तोवर पुरी झालीच नव्हती. ती आली १९०५ मध्ये. तोपर्यंत लोकांना लीकहून वाफेवर चालणाऱ्या बसने आणून या गाडीत बसवत. कारभार सगळा नॉर्थ स्टॅफर्डशर रेल्वेकडे होता.

आता स्टेशनं. तिथेच सगळी मेख आहे. रूळ आधी हॅम्प्स आणि मग मॅनिफोल्ड नदीच्या काठाकाठाने, अगदी तळातून जातात. गावं मात्र वर टेकडीवर. म्हणजे स्टेशनचं नाव ग्रिंडन, पण ग्रिंडन गाव वर. बटरटनचं तेच, वेटन मिलला उतरलात तरी वेटन वरच. ह्यूम एंडच्या पाटीवर जवळच्या हार्टिंग्टन गावाचंही नाव घालत, पण ते दोनेक मैल लांब. मी ग्रिंडनच्या स्टेशनापासून गावापर्यंत सायकल मारायचा प्रयत्न केला. अर्ध्या चढावर उतरलो आणि उरलेला रस्ता सायकल ढकलत गेलो. दुधाची किटली घेऊन हा चढ रोज कोण उतरणार-चढणार, हा हिशोब बांधणाऱ्यांनी केला होता की नाही, कोण जाणे. फलाट तर जेमतेम वीतभर उंच, आणि बहुतेक ठिकाणी निवारा म्हणून एक लाकडी शेड.

थॉर्स केव्ह हे स्टेशन मात्र मुख्यतः सहलीच्या लोकांसाठी. वर कड्यात गुहेचं प्रचंड तोंड दिसतं, खाली चहा-फराळाची खोली. सुट्टीच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसे, एरवी डबे रिकामे.

स्वेन्सलीजवळ दीडशे मीटरचा बोगदा आहे. तिथल्या हवेलीत सर थॉमस वॉर्डल राहायचे. हे लीकचे रेशीम रंगवणारे मोठे कारखानदार. आपल्याकडच्या टसर रेशमाला रंग कसा चढवायचा, यात त्यांनी आयुष्य घातलं आणि त्यासाठी भारतही पाहिला. खिडकीतून गाडी दिसू नये म्हणून त्यांच्यासाठी बोगदा पाडला, असं सांगतात. टसर चालतं, बार्शीचं इंजिन चालत नाही!

काल्थ्रॉपची खरी करामत वेगळीच. मोठ्या रुळांवरून आलेला माल छोट्या गाडीत भरायचा म्हणजे हमाली आणि वेळ. त्याने बुटक्या वाघिणी करून घेतल्या, ज्यांच्या पाठीवर मोठ्या रेल्वेची अख्खी वाघीण चढायची. पुढच्या स्टेशनांत त्या उतरवून घ्यायला मोठ्या गेजच्या रुळांचे छोटे तुकडे टाकले होते, कशालाच न जोडलेले. इंग्लंडमध्ये हा प्रकार पहिल्यांदा इथेच झाला.

माल म्हणजे मुख्यतः दूध. याच लाईनवरच्या एक्टनला पूर्वी तांब्याच्या खाणी होत्या, पण रेल्वे येईपर्यंत त्या संपल्या होत्या. तिथल्या डेअरीच्या दुधावर लाईन तगली. मग मोटारबस आणि लॉऱ्या आल्या, त्या थेट गावात जायच्या. दूध रस्त्यावर गेलं आणि मार्च १९३४ मध्ये गाडी थांबली. जेमतेम तीस वर्षं. दोन्ही इंजिनं भंगारात गेली. बार्शी लाईट मात्र पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली आणि एकविसावं शतक उजाडलं तरी तिचे अडीच फुटी रूळ वापरात होते. तिच्याकडे कापूस होता, वारकरी होते आणि लाईनच्या दोन्ही टोकांना खरी गावं होती. ह्यूम एंडला आजही फार काही नाही.

रूळ उखडल्यावर १९३७ मध्ये तिथे पायवाट केली. आता ती डांबरी आहे, सायकलींसाठी उत्तम, फक्त मधल्या टप्प्यात आणि बोगद्यात मोटारीही येतात, तेवढं सांभाळा. ह्यूम एंडला तिकिटाची जुनी इमारत उभी आहे. जायचं तर कोरड्या उन्हाळ्यात जा. तिथला दगड चुनखडीचा, त्यामुळे नदी वेटन मिलपाशी जमिनीत गडप होते आणि पुलावरून खाली पाहिलं तर नुसते गोटे दिसतात. मी गेलो तेव्हा पाणी भरपूर होतं, आणि पाऊसही.