वाचकांचे प्रश्न : बुलेझ आधी संगीतकार की आधी संचालक?

प्रश्न : पिएर बुलेझ यांचे नाव ध्वनिमुद्रिकांवर बहुतेक वेळा वाद्यवृंदसंचालक म्हणूनच वाचायला मिळते. संचालनाच्या व्यापात त्यांच्यातील संगीतकार मागे पडला, असे म्हणतात ते खरे आहे का? आणि ते बॅटन (संचालकाची छडी) न घेता संचालन कसे करीत? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हे म्हणणे नेहमी कानावर येते, पण मला ते पटत नाही. बुलेझ संचालनाकडे वळले तेच मुळी संगीतकार म्हणून. 1925 साली फ्रान्समधील माँब्रिझाँ या लहान गावी एका अभियंत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लियाँ येथे काही काळ गणित शिकून, वडिलांची मर्जी नसतानाही ते 1943 मध्ये पॅरिसला आले आणि संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांचे विद्यार्थी झाले. 1946 पासून सुमारे दहा वर्षे ते रनो-बारो नाटक मंडळीचे संगीत सांभाळत होते आणि मूठभर वादकांना घेऊन रोज रात्री प्रयोग पार पाडण्याची सवय त्यांना तिथेच लागली. पुढे 1954 मध्ये त्यांनी नव्या संगीतासाठी ‘दोमेन म्युझिकाल’ ही मैफलींची मालिका सुरू केली. शोनबर्ग, वेबर्न या आधुनिक संगीतकारांच्या आणि आपल्या पिढीच्या रचना पॅरिसमध्ये क्वचितच आणि तेही पुरेशा तालमींशिवाय वाजतात, हे त्यांना सहन होत नव्हते, म्हणून ते स्वतःच वादकांपुढे उभे राहिले.

बॅटनविषयी सांगायचे तर, त्यांचे दोन्ही हात स्वतंत्रपणे काम करीत. एक हात मात्रा दाखवत असताना दुसऱ्या हाताचे एखादे बोट मागच्या रांगेतील वादकाला नेमक्या क्षणी आत घेई. ज्या संगीतात मात्रांची संख्या जवळजवळ प्रत्येक आवर्तनाला बदलते, तिथे ही मोकळी बोटे छडीपेक्षा अधिक स्पष्ट बोलतात. चित्रफीत पाहताना चेहऱ्यापेक्षा हातांकडे लक्ष द्यावे. चेहरा जवळजवळ निर्विकार असतो.

मोठी पदे नंतर आली. बीबीसी सिंफनी वाद्यवृंद आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, दोन्हींची सूत्रे त्यांनी 1971 मध्ये हाती घेतली. न्यूयॉर्कमध्ये 1973 साली त्यांनी सभागृहातील खुर्च्या काढून श्रोत्यांना गालिच्यांवर बसवले, ही गोष्ट मला फार आवडते. 1976 मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे त्यांनी संचालन केलेल्या वाग्नर यांच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेला प्रेक्षकांनी आरडाओरडा करून विरोध केला, त्याच निर्मितीच्या 1980 मधील शेवटच्या प्रयोगानंतर मात्र टाळ्या तासाहून अधिक वेळ चालल्या.

या वर्षांत नव्या रचना कमी झाल्या, हे मान्य करायलाच हवे. परंतु रचना अपुरी ठेवण्याची किंवा पुन्हा पुन्हा लिहिण्याची त्यांची वृत्ती त्याआधीचीच आहे. 1950च्या दशकात हाती घेतलेला तिसरा पियानो सोनाटा कधीच पूर्ण प्रकाशित झाला नाही, आणि तेव्हा तर ही मोठी पदे दूरच होती. उलट संचालनाने त्यांच्या लेखणीला काय दिले, ते ‘नोतास्याँ’मध्ये ऐकू येते. 1945 साली, विशीत, त्यांनी पियानोसाठी बारा छोटे तुकडे लिहिले, प्रत्येक तुकडा बारा आवर्तनांचा. तीस-बत्तीस वर्षांनी, शेकडो मैफलींनंतर, त्यांनी त्यांपैकी पहिले चार मोठ्या वाद्यवृंदासाठी नव्याने घडवले आणि बऱ्याच काळानंतर सातवा. पियानोवर सुमारे मिनिटभरात संपणारा तो सातवा तुकडा वाद्यवृंदात आठ-नऊ मिनिटे उलगडत राहतो. कोणत्या वाद्याला कोणत्या क्षणी श्वास लागतो आणि शंभर वादकांमधून एक बारीक आवाज कसा वर येतो, हे वर्षानुवर्षे वादकांपुढे उभे राहिलेल्या माणसालाच असे लिहिता येते.

आपण सुरुवात ‘नोतास्याँ’च्या दुसऱ्या तुकड्यापासून करावी. आधी पियानोवर तो दोन-तीनदा ऐकावा आणि लगेच वाद्यवृंदाचे रूप लावावे. त्यानंतर ‘ल मार्तो सां मेत्र’ (1955) ऐकावे. त्यात एक गायिका आणि सहा वादक आहेत. नऊ भागांपैकी चारांतच कवी रने शार यांचे शब्द येतात, आणि शेवटच्या भागात गायिका शब्द सोडून मिटल्या ओठांनी वाद्यांत मिसळून जाते.