माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग ती जगते कशी?

केंद्रक तिच्यात सुरुवातीला असतंच. अस्थिमज्जेत वाढताना ती हिमोग्लोबिन (ऑक्सिजन धरणारं प्रथिन) बनवून साठवते आणि मग केंद्रक चक्क बाहेर ढकलून देते. शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. पुढे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया) जातात.

आता ऊर्जेचं काय? रक्तातलं ग्लुकोज ऑक्सिजनशिवायच फोडून ती आपलं भागवते. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते: जो ऑक्सिजन ती शरीरभर पोहोचवते, त्यातला आपल्या ऊर्जेसाठी ती वापरत नाही. एका पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण 27 कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे 4 रेणू धरू शकतो. केंद्रक गेल्यावर मोकळी झालेली जागा अशी कामी येते!

केंद्रक नसल्यामुळे पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट आणि लवचिक राहते. तिचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर, पण काही केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात. तिथून ती अंग दुमडून निघते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. नवी प्रथिनं बनवता येत नाहीत, झीज भरून काढता येत नाही. म्हणून आयुष्य सुमारे 120 दिवसांचं. त्यानंतर मुख्यतः प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला मोडतात, त्यातलं लोह पुन्हा वापरलं जातं.

परीक्षेत ‘सर्व प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं’ असं मात्र लिहू नका. बेडकाच्या किंवा कोंबडीच्या रक्ताची रंगवलेली स्लाइड पाहिलीत तर लंबगोल पेशीच्या मधोमध गडद केंद्रक स्पष्ट दिसतं.