बाजारातून मागे घेतलेल्या वादग्रस्त गोळ्या-चॉकलेटे कोणती, आणि ती खरोखर घातक होती का?

अन्नपदार्थांच्या रासायनिक तपासणीचे काम मी बरीच वर्षे केले आणि मुलांच्या गोळ्यांचे नमुने त्या कामात सतत येत असत. त्यामुळे आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे 'ती खरोखर घातक होती का', हा मला पहिल्या भागापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. या विषयातले दाखले पाहत गेलो तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसली. जी गोळी मोठ्या माणसांच्या डोळ्यांत खुपते ती काही आठवड्यांत दुकानातून जाते, आणि जी मुलाच्या शरीरात गेल्यावर अपाय करते तिला जायला कित्येक वर्षे लागतात.

झटपट गेलेल्यांचे उदाहरण आधी देतो. अमेरिकेतील हर्शी कंपनीने नोव्हेंबर २००७ मध्ये 'आइस ब्रेकर्स पॅक्स' या नावाने जिभेवर विरघळणारी इवलीशी पाकिटे बाजारात आणली. त्यांत गार चवीची गोड पूड भरलेली असे. रस्त्यावर चोरून विकल्या जाणाऱ्या अमली पदार्थांच्या पुड्या अशाच दिसतात, असा आक्षेप फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी घेतला आणि जानेवारी २००८ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केले. त्याआधी २००५ मध्ये क्राफ्ट कंपनीने गाडीखाली चिरडलेल्या प्राण्यांच्या आकाराच्या चिवट गोळ्या प्राणिप्रेमी संघटनेच्या विरोधामुळे मागे घेतल्या होत्या, तर २०१४ मध्ये हरिबो कंपनीने आफ्रिकी मुखवट्यांसारखे दिसणारे ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचे आकार वंशभेदी असल्याच्या तक्रारींनंतर स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये थांबवले. यांतील आक्षेप चुकीचे होते असे मी म्हणत नाही, परंतु त्यांपैकी एकाही गोळीच्या घटकांत दोष नव्हता.

याहून बोलके उदाहरण 'एम अँड एम' या रंगीबेरंगी चॉकलेटच्या गोळ्यांपैकी लाल गोळ्यांचे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७६ मध्ये अमरंथ या लाल रंगावर बंदी घातली, कारण उंदरांवरील प्रयोगांमुळे त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका निर्माण झाली होती. 'एम अँड एम'मध्ये तो रंग वापरलाच जात नव्हता. तरीही लाल रंग पाहून ग्राहक बिचकतील या भीतीने कंपनीने लाल गोळ्या काढून टाकल्या आणि त्या १९८७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, परत आल्या. ज्या गोळीत वादग्रस्त पदार्थ नव्हता ती केवळ दिसण्यामुळे एवढा काळ बाजाराबाहेर राहिली.

दिसण्याला मी क्षुल्लक मात्र मानत नाही, आणि त्याचे कारण साखरेच्या सिगारेटी हे आहे. आपल्याकडे 'फँटम' या नावाने ओळखली जाणारी, टोकाला लाल ठिपका असलेली पांढरी कांडी बोटांत धरून आमच्या पिढीतल्या असंख्य मुलांनी धूर सोडण्याचा अभिनय केला आहे. ती कांडी म्हणजे प्रामुख्याने साखर, आणि साखर म्हणून तिच्यात वेगळे काही नव्हते. परंतु २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका लेखात तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे तपासून असे दाखवण्यात आले की, अमेरिकेत खऱ्या सिगारेटच्या पाकिटांसारखी पाकिटे वापरणाऱ्या गोळी-उत्पादकांकडे त्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे काणाडोळा केला आणि काही वेळा त्यांना सहकार्यही दिले. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात आपलेच पाकीट आहे, हे त्यांना ठाऊक होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या सोळाव्या कलमात, मुलांना आकर्षित करणाऱ्या सिगारेटच्या आकाराच्या मिठाईवर बंदी घालण्याची तरतूद आली. भारताने या कराराला २००४ मध्ये मान्यता दिली आणि २००५ पासून तो अमलात आला. फिनलंड, नॉर्वे आणि आयर्लंडसारख्या देशांनी अशा गोळ्या थेट बंद केल्या, तर ब्रिटनमध्ये सिगारेट हा शब्द जाऊन त्यांना नुसत्या साखरेच्या कांड्या म्हटले जाऊ लागले.

आता ज्यांच्यात खरोखर विष होते त्यांच्याकडे येतो, आणि त्यातही मेक्सिकोच्या चिंचेच्या गोळ्यांकडे. चिंच, मीठ, साखर आणि लाल तिखट यांचा हा प्रकार आपल्या चिंचेच्या गोळ्यांचा जवळचा नातेवाईक म्हणावा असाच आहे. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मेक्सिकन कुटुंबांतील मुले त्या आवडीने खात. या मुलांपैकी काहींच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त आढळले आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९९८ मध्येच आपल्या साप्ताहिक अहवालात चिंचेच्या आयात गोळ्यांशी त्याचा संबंध जोडला. २००२ मध्ये पुन्हा तसाच अहवाल आला. तरी गोळ्या दुकानांत होत्याच. २००४ मध्ये 'ऑरेंज काउंटी रजिस्टर' या वृत्तपत्राने लेखमाला छापून, तपासणीचे निष्कर्ष सरकारी खात्यांकडे पडून असताना ते पालकांपर्यंत पोहोचलेच नाहीत, हे उघड केले, तेव्हा कुठे हालचाल झाली. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने स्वतंत्र कायदा केला आणि २००६ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या गोळ्यांतील शिशाची मार्गदर्शक मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅमवरून ०.१ मिलिग्रॅमवर आणली. पहिल्या अहवालापासून आठ वर्षे गेली होती, आणि आठ वर्षांत पाळण्यातले मूल तिसरीत जाते.

गोळीत शिसे आले कोठून, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण ते कोणी मुद्दाम घातलेले नव्हते. मिरच्या उघड्यावर वाळवल्या जात आणि न धुता दळल्या जात, त्यामुळे मातीतले शिसे तिखटात उतरे. काही गोळ्यांच्या वेष्टनाच्या छपाईच्या शाईत शिसे असे. आणि चिंचेचा मऊ गोळा ज्या चिमुकल्या मातीच्या भांड्यांत भरून विकला जाई, त्या भांड्यांना शिसेयुक्त झिलई दिलेली असे. चिंचेतले टार्टारिक आम्ल ती झिलई हळूहळू विरघळवते. आपल्या घरांत बिनकल्हईच्या पितळी भांड्यात चिंचेचे सार किंवा ताक ठेवू नये, असे आजी बजावून सांगत असे, त्यामागचे रसायनशास्त्र नेमके हेच आहे: आंबट पदार्थ धातू ओढून घेतो. त्या मुलांच्या आयांनाही हे कळले असते, पण बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या भांड्याच्या झिलईत शिसे आहे, हे त्यांना सांगितलेच गेले नव्हते. या सूक्ष्म प्रमाणात शिशाची चवही लागत नाही आणि मूल लगेच आजारीही पडत नाही. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि तो परिणाम पुढे अभ्यासात मागे पडणे, लक्ष न लागणे अशा रूपांत दिसतो, ज्याचे खापर बहुधा मुलावरच फुटते.

नवी मर्यादा कागदावरच राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. २०११ मध्ये 'टॉक्सिक वेस्ट' या नावाच्या, पाकिस्तानात तयार झालेल्या आंबट गोळीच्या वड्यांत किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम शिसे आढळताच त्या अमेरिकेतून परत मागवल्या गेल्या. जुन्या मर्यादेत ही वडी सहज उत्तीर्ण झाली असती.

प्रयोगशाळेच्या माणसाला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रकार मात्र जेलीच्या कपांचा आहे. कोंजॅक हा पूर्व आशियात खाल्ला जाणारा कंद आपल्या सुरणाच्याच वंशातला आहे. त्याच्या पिठापासून होणारी जेली एका घासाच्या प्लॅस्टिकच्या कपात भरलेली असते आणि मूल ती कप दाबून ओठांनी ओढून घेते. जिलेटीनची जेली तोंडातल्या उष्णतेने विरघळते, कोंजॅकची विरघळत नाही. ती घट्ट आणि निसरडी असते, ओढून घेताना सरळ घशात जाते आणि लहान मुलाच्या श्वासमार्गावर बुचासारखी बसते. अनेक देशांत मुले दगावल्यावर अमेरिकेने २००१ मध्ये इशारे देऊन आयात अडवली आणि युरोपीय संघाने २००२ मध्ये अशा जेलीची विक्री थांबवली. जपानमध्ये १९९५ ते २००८ या काळात सतरा मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील शेवटचा मृत्यू पावणेदोन वर्षांच्या मुलाचा होता. त्यानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये तेथील प्रमुख उत्पादकाने उत्पादन थांबवले, पण पाकिटावरचा इशारा मोठा करून काही आठवड्यांतच ते पुन्हा सुरू केले. मोची या तांदळाच्या चिकट पदार्थानेही दर वर्षी माणसे गुदमरतात, मग जेलीवरच राग का, असा प्रश्न तेव्हा तेथे विचारला गेला. मला तो युक्तिवाद पटत नाही. मोची घरातले वडीलधारे तुकडे करून देऊ शकतात, तर जेलीचा कप मुलाने एकट्याने, एका दमात ओढावा अशाच रीतीने बनवलेला आहे. आणि तरीही त्याचा नमुना माझ्या टेबलावर आला असता, तर शिसे नाही, निषिद्ध रंग नाही, जंतू नाहीत असे लिहून मी तो निर्दोष ठरवला असता. धोका पदार्थात नव्हताच, तो आकारात आणि घट्टपणात होता, आणि ते मोजण्याचा रकाना आमच्या अहवालात नव्हता.

उशिराची परिसीमा पाहायची असेल तर एरिथ्रोसिन या चेरीसारख्या लाल रंगाकडे पाहावे. अमेरिकेत १९९० मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून त्याला हटवले गेले, कारण मोठ्या मात्रेने नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी होत होत्या, आणि प्राण्यांत कर्करोग घडवणारा पदार्थ रंग म्हणून वापरता येणार नाही असे तेथील कायदा सांगतो. गोळ्यांत मात्र तो चालू राहिला. ओठांना लावायला अयोग्य ठरलेला रंग त्याच ओठांतून पोटात जायला पस्तीस वर्षे योग्य होता. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये त्यावर बंदीचा कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने संपूर्ण देशासाठी त्याची परवानगी काढून घेतली. उत्पादकांना २०२७ पर्यंत मुदत आहे. उंदरांत ज्या मार्गाने गाठी होतात तो माणसांना लागू नाही, असे प्रशासनानेच म्हटले आहे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु आक्षेप विसंगतीवर आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

आपल्या देशातले सर्वांत अलीकडचे मोठे उदाहरण साखरेच्या गुलाबी कापसाचे, म्हणजे बुढ्ढी के बालचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने त्यावर बंदी घातली, कारण नमुन्यांत रोडामाइन-बी हा कापड आणि कागद रंगवण्याचा रंग सापडला. पुढच्याच महिन्यात कर्नाटकने कापूस आणि गोबी मंचुरियनमधील अशा रंगांवर बंदी घातली. तेथे कापसाच्या पंचवीस नमुन्यांपैकी पंधरा असुरक्षित निघाले होते. रोडामाइन-बीला भारतात खाद्यपदार्थांत कधीच परवानगी नव्हती. आपल्या नियमांत लाल छटेसाठी पोन्सो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन हे तीनच कृत्रिम रंग आहेत आणि तेही किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. म्हणजे २०२४ मध्ये ज्यावर बंदी आली तो पदार्थ आधीपासून बेकायदाच होता, केवळ कोणी तपासले नव्हते.

बंदीची बातमी आल्यानंतर एका जत्रेत मी कापूसवाल्याला विचारले की, रंग न घातलेला पांढरा कापूस देता येईल का. त्याने लगेच करून दिला, पण मुले पांढरा घेत नाहीत, असेही सांगितले. रंग कोणता वापरता, असे विचारल्यावर त्याने डब्याखालून एक लहान पुडी काढून दाखवली. तिच्यावर ना नाव होते, ना घटक, ना परवाना क्रमांक. किराणा दुकानातून मिठाईचा रंग म्हणूनच ती त्याला मिळाली होती आणि तो स्वतःच्या मुलीलाही तोच कापूस खायला देत होता.